नवी गाडी आणि मिठाचे रस्ते: पहिल्या हिवाळ्याआधी खालून काय करून घ्यावं?

पांढरीवाट

नमस्कार मंडळी,

पेट्रोलची नवी हॅचबॅक घेतली आहे. ताब्यात येऊन तीन आठवडे झाले, अजून तिला खारट पाण्याचा थेंबही लागलेला नाही. इथे वर्षातले चार महिने बर्फ असतो आणि रस्त्यांवर मीठ पडतं. गाडी निदान बारा वर्षं वापरायची आहे, म्हणून जे करायचं ते पहिल्या हिवाळ्याआधीच उरकावं असं मनात आहे. पण जितकी तोंडं तितके सल्ले मिळताहेत.

विक्रीच्या वेळी काळ्या रबरी अंडरकोटिंगचा, म्हणजे तळाला मारायच्या थराचा, आग्रह झाला. ते घ्यावं का? दुसरीकडे ऐकलं की हल्लीच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, वेगळं काही करायला नको. बॅटरीला जोडायचं एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्रही दाखवलं, त्यानं म्हणे गंज चढतच नाही. यातलं खरं काय? काम घरीच करायचं ठरवलं तर माल किती लागतो, कुठे मारायचा आणि कुठे चुकूनही मारायचा नाही? शेवटचं म्हणजे ऐन थंडीत गाडी धुवावी की नाही? गॅरेज आहे, त्यात हीटर लावता येतो.

तेराचा_पाना

रबरी किंवा डांबरी थर नव्या गाडीला लावू नका. वाळला की तो कडक होतो. पत्रा थंडीत आकसतो, उन्हात प्रसरतो, वर खडे आदळतात, कधी जॅक लागतो. दोन-तीन हिवाळ्यांत कुठेतरी केसाएवढी चीर पडते नाहीतर कड सुटते. त्या फटीतून खारट पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच मुक्काम करतं. वरून सगळं काळंभोर आणि गुळगुळीत दिसतं, पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं कड उचलली की थर सालीसारखा निघतो आणि खाली तपकिरी भुगा हाताला लागतो. त्याहून वाईट म्हणजे हा गंज तपासणीत दिसतच नाही. उघडा पत्रा गंजायला लागला तर निदान डोळ्यांना कळतं.

नव्या गाडीला हवा तो मऊ, कधीच पूर्ण न वाळणारा थर. त्याचे तीन प्रकार समजून घ्या.

पहिला मेणाचा. त्यात दोन वेगळे पदार्थ येतात. पोकळ भागांच्या आत मारायचं पातळ, झिरपणारं मेण आणि बाहेरून तळाला मारायचं जाडसर मेण. दोन्हींची अदलाबदल करू नका. जाड मेण सांध्यात शिरत नाही, आणि पातळ मेण चाकाजवळ मारलं तर पहिल्याच पावसात धुपून जातं. दुसरा लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीचा. फ्लुइड फिल्म, वूलवॅक्स ही त्यातली नावं. हा थर ओलसर राहतो, हळूहळू सरकत फटीत शिरतो, ओरखडा पडला तर बऱ्यापैकी स्वतःच भरून काढतो. पण चाकांच्या फवाऱ्यानं धुतला जातो, म्हणून दर वर्षी पुन्हा मारावा लागतो. तिसरा पातळ गंजरोधक तेलाचा. शिरकाव सगळ्यात चांगला, टिकाऊपणा सगळ्यात कमी, आणि मारल्यावर एक-दोन दिवस ठिबकतो.

बारा वर्षांचा विचार असेल तर पोकळ भागांत मेण, आणि तळाला मेण किंवा लॅनोलिन यांपैकी जे दर वर्षी तपासायची तुमची तयारी असेल ते. एकदा मारून विसरून जाण्याजोगा प्रकार कुठलाच नाही.

आणि लोक तळाचाच विचार करतात, पण गाडी सडते ती आतून. दाराखालची सिल (उंबरठ्याची पोकळ पट्टी), चाकाच्या कमानीची आतली दुमड, दाराचा तळ, डिकीच्या झाकणाची खालची कड, मागच्या सबफ्रेमचा, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीचा, पोकळ भाग. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतून पत्रा कागदासारखा झालेला असतो.

धातुवेडा

जस्ताच्या मुलाम्याबद्दल ऐकलंत ते अर्धं खरं आहे. बॉडीचा पत्रा बहुतेक गाड्यांमध्ये गॅल्व्हनाइज्ड असतो. त्यावर फॉस्फेटचा थर, मग संपूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं बसवलेलं प्रायमर. ते बाहेरच्या बाजूला साधारण २० मायक्रॉन जाड असतं, पोकळ भागांच्या आत त्याहून पातळ. म्हणजे सुरुवात चांगली असते. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, म्हणून बारीक ओरखडा आला तरी लोखंड काही काळ वाचतं.

पण जस्त झिजून संपतं. वेल्डिंगच्या जागी ते आधीच जळून गेलेलं असतं. पत्रा जिथे कापलाय त्या कडेवर ते पुरेसं नसतं. आणि खालचे जाड भाग, म्हणजे सबफ्रेम, सस्पेन्शनचे आर्म, स्प्रिंगच्या बैठका, यांना बऱ्याचदा जस्त नसतंच, नुसता काळा रंग असतो. आधुनिक गाडीच्या बॉडीला छिद्र पडायच्या आधी सबफ्रेम आणि ब्रेकच्या नळ्या गंजतात त्याचं कारण हेच.

आता यंत्राबद्दल. विजेनं गंज रोखायची पद्धत खरी आहे आणि जहाजं, जमिनीतल्या पाइपलाइन, समुद्रातले खांब यांच्यासाठी ती वापरतात. पण तिथे धातू सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेला असतो, त्यातून वीज दुसऱ्या टोकाच्या धातूपर्यंत वाहू शकते. गाडी हवेत उभी असते. इथे एक थेंब, तिथे एक ओला डाग, मध्ये कोरडा रंग. विजेचं मंडल पूर्णच होत नाही. त्या यंत्रावर भिस्त ठेवू नका.

हीटरच्या गॅरेजबद्दल मात्र नीट विचार करा, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. गंज ही रासायनिक क्रिया आहे आणि ती उष्णतेनं वेग घेते. बाहेर उणे १५ अंशांत उभ्या गाडीवर मीठ असलं तरी थंडीमुळे गंज फार मंद चालतो. तीच गाडी मिठाच्या चिखलासकट १५ अंशांच्या बंद गॅरेजमध्ये आणली की बर्फ वितळतो, खारट पाणी फटीफटीत उतरतं, वर भरपूर प्राणवायू आणि ऊब. रोज संध्याकाळी हा खेळ झाला तर बाहेर ठेवलेल्या गाडीपेक्षा ती लवकर गंजते. एक तर आत घेण्याआधी खालून धुवा आणि पंखा लावून कोरडी करा, नाहीतर गॅरेज थंडच राहू द्या.

मिठाच्या जातीनंही फरक पडतो. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली गेली की वाळतं. पण जास्त थंडीसाठी आणि मीठ रस्त्याला चिकटून राहावं म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मिसळतात. ही दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात आणि आर्द्रता ३०-३५ टक्क्यांवर येईपर्यंत ओलीच राहतात. म्हणजे रस्ता कोरडा दिसला, गाडी कोरडी दिसली, तरी सांध्याच्या आत ओल टिकते आणि गंज चालू राहतो. रस्त्यावर गडद, ओलसर पट्टे दिसत असतील तर हाच प्रकार समजा.

आणखी एक गैरसमज. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं मीठ निष्प्रभ होतं असं लिहिलेलं सापडेल. मीठ आम्ल नाही, त्यामुळे सोड्याला निष्प्रभ करायला काही उरतच नाही. क्लोराइड पाण्यात विरघळतं, ते वाहून न्यायला भरपूर गोडं पाणी लागतं, बास.

पांढरीवाट

दोघांचेही आभार, रबरी थर आणि यंत्र दोन्ही यादीतून काढले. आता दोन अडचणी. सिलच्या आत नळी घालायची कुठून? नव्या गाडीला भोक पाडायला हात धजत नाही. आणि कामाचा क्रम जरा सविस्तर सांगाल का? जागा आणि लहान कॉम्प्रेसर उपलब्ध आहे.

तेराचा_पाना

भोक पाडायचंच नाही. कापलेल्या कडेचं जस्त जातं आणि गंजाची वॉरंटीही धोक्यात येते. बॉडीला आरपार छिद्र पडण्याची जी दीर्घ वॉरंटी असते ती सहसा आतून बाहेर आलेल्या गंजासाठी असते, आणि तुम्ही पाडलेलं भोक दिसलं की वाद सुरू होतो. काही कंपन्या ठरावीक मुदतीत बॉडीची तपासणी करून पुस्तिकेत नोंद मागतात, तेही एकदा वाचून घ्या.

कारखान्यातच भरपूर छिद्रं ठेवलेली असतात, कारण रंगाच्या हौदातून सांगाडा बाहेर काढल्यावर रंग निथळावा लागतो. सिलच्या खालच्या अंगाला आणि टोकांना रबरी किंवा प्लास्टिकची बुचं दिसतील, दारं उघडल्यावर उंबरठ्याच्या प्लास्टिक पट्टीखालीही असतात. बूच काढा, नळी घाला, काम झालं की बूच परत दाबा. डिकीत दिव्यांच्या मागचं अस्तर काढलं की मागच्या कमानीची आतली बाजू हाती लागते.

क्रम असा ठेवा.

आधी धुलाई. नवी असली तरी वाहतुकीतली धूळ आणि तेलकटपणा असतो. चाकं काढा, कमानींची प्लास्टिकची अस्तरं काढा, तळाची प्लास्टिकची झाकणं काढा. त्यांच्या क्लिपा थंडीत तुटतात, म्हणून पाच-दहा जादा आणून ठेवा. कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग साध्या पाण्यानं भरपूर खळबळून. प्रेशर वॉशरची नळी रबरी बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), सेन्सर, वायरचे जोड यांच्यापासून हातभर लांब.

मग वाळवणं, आणि घाई इथेच नडते. किमान २४ तास, जमलं तर ४८, कोरड्या जागी पंखा लावून. सिलच्या बुचातून थोडी हवा मारा. पाण्याचा फवारा बाहेर आला तर अजून वाळलेलं नाही. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर पाणी आत बंद होतं आणि केलेलं कामच गंजाला आसरा देतं.

तापमान १५ अंशांच्या वर हवं, गाडीचंही आणि मालाचंही. थंड मेण घट्ट होतं, नोझलमधून गोळ्या उडतात आणि पत्र्यावर ठिपके पडतात, सलग थर होत नाही. डबे अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. हाताला सुखावेल इतपतच कोमट. हवाबंद स्प्रे कॅन कधीही ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

झाकायचं काय, तर ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सायलेन्सरची पूर्ण नळी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, एबीएसचे सेन्सर, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, वायरींचे जोड, इंजिनाचे पट्टे. डिस्कला प्लास्टिकची पिशवी बांधली की पुरे. लॅनोलिन आणि तेल यांनी काही प्रकारचं रबर फुगतं, म्हणून सस्पेन्शनच्या बुशांवर (सांध्यांतल्या रबरी भागांवर) आणि दाराच्या रबरांवर फवारा जाऊ देऊ नका, उडालाच तर लगेच पुसा. पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबात मारताना खास काळजी घ्या. तिथे सीटबेल्टची गुंडाळी असते आणि तिच्यात मेण गेलं तर पट्टा अडकतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून, गुंडाळी झाकून, फक्त खांबाच्या तळाशी मारा. छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असेल तिथे काहीच मारायचं नाही, तिथे गरजही नसते.

आता मारणं. आधी पोकळ भाग, मग तळ. नोझल चहू दिशांना फवारणारं हवं. लवचीक नळी शेवटपर्यंत आत ढकलायची, मग ट्रिगर दाबायचा आणि सावकाश बाहेर खेचत यायचं. ढकलताना मारलं तर पुढचा भाग कोरडा राहतो. तोंडाशी नळीवर टेपची खूण करा, म्हणजे ती बाहेर येऊन तोंडावर फवारणार नाही. कॉम्प्रेसर असेल तर ५-६ बार दाब पुरतो. सिलच्या खालच्या छिद्रांतून मेणाचे थेंब पडायला लागले की समजायचं, सांध्यापर्यंत पोचलं. बॉनेट आणि डिकीच्या झाकणाच्या दुमडीलाही एकेक फेरी.

मालाचा हिशोब असा. तुमच्या आकाराच्या गाडीला पोकळ भागांसाठी २ ते ३ लिटर, म्हणजे ५०० मिलीचे चार ते सहा कॅन. तळासाठी, १ लिटर माल ०.२ मिमी ओल्या जाडीनं मारला तर ५ चौरस मीटर होतो. तळ, कमानी, सबफ्रेम धरून २ ते ३ लिटर लागतील. मेण पातळ ठेवणारं द्रावक उडाल्यावर थर पातळ होतो, म्हणून चाकांमागच्या पट्ट्याला दुसरा हात द्या, पण मध्ये पहिला हात हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. एकाच वेळी जाड थर चोपडला तर वर साय धरते आणि आतलं द्रावक अडकून मेण ओघळतं.

ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांवर, त्या जिथे क्लिपमध्ये धरल्यात तिथे, ब्रशनं मेण लावा. क्लिपखाली चिखल अडकतो आणि नळी तिथेच आधी खाल्ली जाते.

सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सिल, दारं आणि डिकी यांच्या तळाची निथळायची छिद्रं एकेक करून पातळ काडीनं मोकळी करा. मेणानं ती बुजली तर आत गेलेलं पाणी बाहेर पडणार नाही, आणि मग कितीही भारी मेण असो, काही खरं नाही.

सुरक्षेबद्दल दोन वाक्यं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, स्टँड आणि चाकाखाली अडसर हवेच. द्रावकाच्या वाफा जड असतात, जमिनीलगत साचतात आणि पेट घेतात. दरवाजा उघडा, हीटर बंद, नाकातोंडाला वाफा अडवणारा मास्क. नंतर कधी गाडीला वेल्डिंग करायची वेळ आली तर आत मेण आहे हे मिस्त्रीला आधी सांगा, ते पेटतं.

विजेरी

धाग्याचं शीर्षक वाचून इलेक्ट्रिक आणि हायब्रिडवाले येतील, त्यांच्यासाठी वेगळं लिहितो. वरची सगळी पद्धत लागू, पण बॅटरीचा डबा सोडून. त्या डब्याला दाब मोकळा करायची झडप असते, ती मेणानं बुजवणं धोक्याचं आहे. नारिंगी (उच्च दाबाच्या विजेच्या) वायरी आणि त्यांचे जोड यांवर काहीही फवारू नका, उघडू तर मुळीच नका. जॅक आणि लिफ्ट फक्त नेमून दिलेल्या बिंदूंवर, डब्याला टेकवलं तर तो दबतो. डब्याची झाकणं अनेकदा अ‍ॅल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादी असतात. मिठाच्या पाण्यात या जोडीतलं अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं, म्हणून बोल्टांभोवती पांढरी पूड दिसते का ते दर वर्षी पाहा.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गोष्ट घडते. मोटारच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकचा वापर कमी होतो आणि डिस्कवरचा गंज घासलाच जात नाही. मागच्या डिस्कवर खोल चरे पडतात. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, चार-पाच वेळा खराखुरा ब्रेक दाबा. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना वर्षातून एकदा साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावून घ्या. हे पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहेच.

चारचाकी

गंजावर सगळे बोलले, थंडीबद्दलही थोडं हवं.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण): पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल घातलं की जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, शिवाय ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. ६० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. नव्या गाडीत बदलायची गरज नसते, रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या साधनानं) एकदा मोजून घेतलं की पुरे. वरून भरायची वेळ आली तर मॅन्युअलमधलाच प्रकार भरा, रंग जुळला म्हणजे रसायन जुळलं असं नसतं.

बॅटरी: उणे १८ अंशांना साध्या बॅटरीची क्षमता जवळपास निम्म्यावर येते, आणि तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या वर दाखवायला हवं. पूर्ण चार्ज बॅटरी कुठल्याही सामान्य थंडीत गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे १० अंशांच्या आतबाहेर गोठून फुटू शकते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असाल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. त्यानं बॅटरी भरते आणि सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणीही वाफ होऊन जातं. छोट्या फेऱ्यांवरच्या गाडीचा सायलेन्सर आतून सडतो तो या पाण्यानं.

टायर: तापमान सातत्यानं ७ अंशांच्या खाली जायला लागलं की हिवाळी टायर चढवा, बर्फाची वाट पाहू नका. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं ते पाहून घ्या. नक्षीची खोली ४ मिमीच्या खाली गेली की बर्फात पकड सुटते. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा गार टायरची हवा मोजा. चाक बदलताना हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) चेहऱ्यावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून अगदी पातळ सिरॅमिक पेस्ट लावा. ती बोल्टांच्या आट्यांना लावू नका, घर्षण कमी होऊन टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) हिशोब चुकतो. बोल्ट टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आतली ओल: उंच कडांच्या रबरी मॅट घाला. बुटांवरून आलेलं मीठ कार्पेटखालच्या फोममध्ये मुरलं की वसंतापर्यंत वाळत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत वायरींचे जोड तिथेच असतात. मॅटमधलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाका. काचांच्या आतून रोज दव धरत असेल तर पहिला संशय कार्पेटवर घ्या.

दारांच्या रबरांना सिलिकॉनचा पातळ हात दिला की ती गोठून चिकटत नाहीत. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी उरलं असेल तर पहिल्या थंडीआधी ते संपवा आणि तुमच्याकडच्या नीचांकी तापमानाला पुरेल असं द्रावण भरा, मग वायपरचा खटका दाबून नळीतलं पाणीही बाहेर काढा. टाकी भरली पण नळीत पाणीच राहिलं, तर गोठतं ते नळीतच.

पांढरीवाट

वा, छापून ठेवण्याजोगं आहे सगळं. धुण्याचं तेवढं राहिलं. किती दिवसांनी, आणि गोठणाऱ्या थंडीत धुतली तर पाणी फटीत गोठून नुकसान नाही का होत? आणि समोरच्या बॉनेटवर खड्यानं आत्ताच एक टवका उडालाय, पांढरट दिसतो, गंज नाही.

धातुवेडा

दिनदर्शिकेपेक्षा हवामान पाहून धुवा. सलग उणे १० अंश असताना गाडी तशीच राहिली तरी फार बिघडत नाही. तापमान शून्याच्या वर जाईल तो दिवस गाठायचा, कारण त्याच दिवशी गंजाचा वेग वाढणार असतो. सरासरी दहा-चौदा दिवसांतून एकदा होईल. जोर वरच्या रंगावर नको, खाली हवा. कमानींच्या आत, सिलखाली, मागच्या सबफ्रेमवर, प्रत्येक जागी पाणी स्वच्छ निथळेपर्यंत. घरी सोपा उपाय म्हणजे हिरवळीवर पाणी मारायचा आडवा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून पुढून मागे नेत दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवणं. यांत्रिक धुलाई केंद्रात जात असाल तर खालच्या फवाऱ्याला पुनर्वापराचं पाणी आहे का ते विचारा. असेल तर ते आधीच्या गाड्यांचं मीठ घेऊन तुमच्या सांध्यांत शिरू शकतं.

धुतल्यावर दारं, डिकी उघडून रबरं पुसा, मग पाच-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक दोन-चार वेळा दाबा. रात्री कडक थंडी असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून धरतात. सपाट जागी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला अडसर लावा.

वर्षातली सगळ्यात मोठी धुलाई मात्र वसंतात, शेवटचं मीठ रस्त्यावरून गेल्यावर. कमानींची अस्तरं काढून, त्यांच्यामागे साचलेली माती-पानं हातानं उपसून. ही माती स्पंजासारखी मीठ आणि ओल धरून ठेवते, आणि उन्हाळ्याची ऊब मिळाली की खरा गंज तेव्हा वेग घेतो. हिवाळा संपला म्हणून धुलाई टाळणारे इथेच फसतात.

टवक्यासाठी थांबू नका. पांढरट दिसतंय म्हणजे अजून प्रायमर शाबूत आहे, फक्त रंग उडालाय. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, १० अंशांच्या वर कोरड्या दिवशी बारीक काडीच्या टोकानं रंगाचा थेंब भरा, वाळू द्या, आकसेल, पुन्हा भरा. दोन-तीन पातळ थेंब आणि वर पारदर्शक लाखेचा एक. ब्रशनं एकदाच जाड फासलं तर वर टेंगूळ आणि खाली हवा राहते. धातू चमकताना दिसला असता तर आधी प्रायमरचा थेंब लागला असता. गंज थांबवायचं रसायन इथे वापरू नका, ते गंज असेल तरच काम करतं. सिरॅमिक कोटिंगनं धुणं सोपं होतं, पण ते ना टवका थांबवतं ना सिलच्या आत पोचतं, त्यामुळे गंजाच्या हिशोबात धरू नका. चाकांमागच्या पट्ट्याला आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला पारदर्शक संरक्षक फिल्म लावलीत तर ती खडे खरोखर झेलते.

तेराचा_पाना

एक पुरवणी. मेण मारून झाल्यावर आठवड्यानं दाराच्या काचेच्या खालच्या रबरावर तांब्याभर पाणी ओता आणि दाराच्या तळाकडे पाहत राहा. काही सेकंदांत दोन-तीन जागांहून पाणी ठिबकायला हवं. ठिबकलं नाही तर छिद्र बुजलंय, काडी घाला. चारही दारं आणि डिकी अशीच तपासा, आणि दर शरद ऋतूत, नवा हात द्यायच्या आधी, हेच पुन्हा करा. नवा हात फक्त जिथे थर धुपलाय तिथे द्यायचा. टॉर्च घेऊन आधी चाकांमागे, मग जॅक लावायच्या दुमडीवर पाहा, पहिला पत्रा तिथेच उघडा पडतो.